समजा, समोर नदी आहे

रहिमतपुरात नोकरीला आलो त्या पहिल्याच आठवड्यात एका उंच, ताठ, पांढऱ्या मिशांच्या गृहस्थांनी मला भर रस्त्यात अडवलं आणि विचारलं, "समजा, ह्या गल्लीच्या त्या टोकाकडनं उधळल्याला बैल आला. एका अंगाला गटार, एका अंगाला गाभण म्हस. काय करतासा?"

मी गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर. बैलाबद्दल मला काहीतरी शहाणपणाचं सुचायला हवं होतं. मी म्हटलं, "पळेन."

"कुनीकडं?"

"आलो तिकडंच."

"तिकडं शाळा सुटलीया. बैल पोरांत घुसंल की, डाक्टर." त्यांनी खेदाने मान हलवली. "इचार करून ठेवा. उद्या इचारतो."

आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात येऊन त्यांनी खरोखरच विचारलं.

हे सुभेदार जगदाळे. गावात त्यांना 'समजा सुभेदार' म्हणत. फौजेतून निवृत्त होऊन चार-पाच वर्षं झाली होती. ही गोष्ट शहात्तर-सत्याहत्तरची. न्हाव्याच्या खुर्चीत बसलेल्या एकाला त्यांनी "समजा, न्हाव्याला आत्ता फीट आली" असं म्हटलं, तेव्हा तो माणूस अर्ध्या दाढीनिशी घरी गेला होता. एका लग्नात, पंगत बसलेली असताना, "समजा, मांडव पेटला" म्हणून त्यांनी सुरुवात केली आणि मुलीच्या बापाने त्यांच्यापुढे हात जोडले. पण तुम्ही कसलंही खुळचट उत्तर द्या, ते हसायचे नाहीत, रागवायचे नाहीत. "बरं. मग फुडं?" म्हणायचे, आणि मन लावून ऐकत राहायचे.

लग्न त्यांचं राहूनच गेलं होतं. घरात ते आणि त्यांच्या थोरल्या भावाची विधवा बायको, शेवंतावैनी. ऊस वैनी बघायच्या, घर वैनी बघायच्या, आणि जमेल तितकं सुभेदारांनाही बघायच्या.

एका शनिवारी सुभेदार मला म्हणाले, "उद्या दुपारी या. खेळ हाय. पत्ते न्हवं, सोंगट्या न्हवं. तुमी दुसरंच कुनीतरी व्हायचं, आन् मी इचारायचं."

"म्हणजे नाटक?"

"नाटकात फुडचं आदीच ठरल्यालं असतंय. ह्यात न्हाई."

रविवारी गेलो. घराच्या पुढच्या सोप्यावर एका मोठ्या खोक्यात वाळू भरून डोंगर, वाटा, काडेपेट्यांची घरं मांडली होती. फौजेत लढाईचे डाव असेच वाळूत मांडून शिकवतात, म्हणे. मधून निळ्या अस्तराची पट्टी नदी होऊन वाहत होती. ते अस्तर बाबालाल शिंप्याच्या दुकानातलं, म्हणून बाबालालही खेळायला आलेला. तिसऱ्या शेवंतावैनी. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं, तिसरा भिडू न मिळाल्यामुळे शेंगा फोडता फोडता त्या भरती झाल्या होत्या.

सुभेदारांनी जाड वही उघडली आणि नियम वाचायला घेतले. एकूण बेचाळीस. अकराव्या नियमाला बाबालालची मान पडली. सतराव्याला वैनी म्हणाल्या, "भावजी, पावसाळ्याच्या आत सुरू हुईल न्हवं?"

सुभेदारांनी वही मिटली. प्रत्येकाला एकेक चिठ्ठी दिली. बाबालाल सरदार, मी वैद्य, वैनी हेर. नदीपलीकडच्या गावात साथ आली आहे, तिथे औषध पोचवायचं. फासा सापशिडीचा. पाच-सहा पडले तर काम फत्ते, दोन ते चार पडले तर काम अडलं, एक पडला तर घात.

"निघा. काय करतासा?"

"माझ्या अंगात काय हाय?" बाबालालने विचारलं.

"अंगात म्हंजे?"

"सरदार हाय म्हनतासा. मग बाराबंदी हाय का अंगरखा? बाह्या किती लांब? घोड्यावर बसायचं तर घेर पायजे."

अंगरख्याचा घेर ठरण्यात दहा मिनिटं गेली. वैनींनी वेगळाच घोळ घातला. "मी लोकांच्या घरात चोरून बगनार न्हाई. मी शेवंताच ऱ्हाते."

"ऱ्हावा. पर निघा."

"किती दिसांची वाट?"

"एक दिसाची."

"मग तीन दिसाच्या भाकरी करते. थांबा."

सुभेदारांच्या यादीत दोर होता, कंदील होता, काडेपेटी होती. भाकरी नव्हत्या. ते ओशाळून म्हणाले, "झाल्या समजा वैनी."

"झाल्या समजून झाल्या असत्या तर मी रोज पाटं उठले असते का?"

शेवटी वैनींचं दोन पायल्या लटकं पीठ मळून होईतो सरदार, वैद्य आणि खुद्द सुभेदार वाळूच्या पेटीसमोर गप बसून राहिले. पण मग वाट सुरू झाली आणि काय झालं कुणास ठाऊक, आम्ही रंगलो. लांडगा आला तेव्हा बाबालालने अंगरखा काढून त्याच्या तोंडावर टाकला आणि त्याला सहा पडले, तेव्हा मी ओरडलो. सुभेदारांचा चेहरा लहान मुलासारखा फुलला होता.

मग नदी आली.

"पानी छातीवर," सुभेदार म्हणाले. आवाज उतरला होता. "वड लय. दोर एकच. एकानं पलीकडं जाऊन बांदायचा. सांजच्या आत पोचायचा हुकूम हाय. कोन जातंय?"

"सरदारच जानार!" बाबालालने फासा टाकला. एक.

तो हसला. "मेलो का काय मी?"

सुभेदार हसले नाहीत. "पुन्ना टाक," ते म्हणाले.

फासा एकदाच टाकायचा, हा त्यांचाच नियम. बाबालालने टाकला. दोन.

"पुन्ना."

तीन पडले. सुभेदारांनी फासा परत बाबालालपुढे सरकवला. "पुन्ना टाक, गड्या."

वैनींनी फाशावर तळवा ठेवला. "कुनी जानार न्हाई. पानी उतरंस्तवर काठावर बसायचं. भाकरी हाईत."

"हुकूम हाय, वैनी."

"कुनाचा?"

"वरचा."

"त्यो वरचा नदीवर आलाय का? न्हाई न्हवं? मग पानी किती हाय ते त्याला काय ठावं!"

सुभेदारांनी निळं अस्तर बोटाने सरळ केलं. मग वाळूकडे बघत म्हणाले, "म्या बी असंच इचारलं हुतं. चौदा वर्सं झाली. सरहद्दीवरच्या डोंगरात. नदीपल्याडच्या चौकीला दवा पोचवायची हुती. म्या म्हनलं, कोन जातंय? एकानं हात वर केला. बिरा. कवठे महांकाळकडचा, मेंढरं राखनाऱ्या घरातला. दुष्काळी मुलूख. त्यानं नदी कवा बगितली असंल? पवायला येतं का, येवढं इचारायचं ऱ्हायलं माझं. लगीच म्हनलं, जा. मागं आला न्हाई."

बाबालालने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"तवापास्नं इचारतोय," सुभेदार म्हणाले. "ज्याला-त्याला. दुसऱ्या कुनाला काय सुचलं असतं, ते बगतोय."

वैनींनी विचारलं, "त्याच्या घरी गेलतासा?"

"पत्र धाडलं."

"गेलतासा का?"

"न्हाई."

"मग उद्याच जाऊ. ह्यो खेळ ऱ्हाऊ दे हितंच."

मी सांगलीचा, तिकडच्या गाड्या मला ठाऊक, म्हणून मलाही रजा काढायला लावली. एक गुळाची ढेप घेऊन सुभेदार, वैनी आणि मी असे तिघं निघालो. सांगलीला गाडी बदलली. साऱ्या वाटेत सुभेदारांनी कंडक्टरलासुद्धा काही विचारलं नाही.

बिराची आई दारात लोकर कातत बसली होती. सुभेदार उन्हात तिच्यासमोर ताठ उभे राहिले, जणू तीच त्यांची वरिष्ठ होती.

"मी त्याचा हवालदार हुतो. कोन जातंय म्हनून मीच इचारलं हुतं."

म्हातारीच्या हातातली लोकरीची चाती थांबली. "आन् त्यानं हात वर केला."

"व्हय."

"पयला?"

"पयला."

म्हातारी तोंडाला पदर लावून हसायलाच लागली. डोळे भरले होते, आणि हसत होती. "शाळंत बी त्येच! गुरुजींचा सवाल पुरा व्हायच्या आत हात वर. उत्तर कवाच यायचं न्हाई मुडद्याला, पर हात वर!" मग डोळे पुसून म्हणाली, "कागद आलता, बाबा. मानूस आज आला. बसा की. हुबं कशापायी? काय काय झालं त्ये समदं सांगा."

सुभेदार बसले. सांगायला त्यांना सगळी दुपार लागली. मधे ते अडखळले की म्हातारी म्हणायची, "बरं. मग?" निघताना तिने त्यांना, दिवाळीला पुन्हा यायचं, असं बजावलं, आणि ते "व्हय" म्हणाले.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा सोप्यावर जमलो. नदीचं पाणी उतरलं होतं. सुभेदारांनीच तसं जाहीर केलं. आम्ही तिघं एकमेकांचे हात धरून गुडघाभर पाण्यातून पलीकडे गेलो. फासा कुणी टाकलाच नाही.

"फुडं काय हाय?" मी विचारलं.

सुभेदारांनी वही चाळली. मागे-पुढे केली. नदीनंतरची सगळी पानं कोरी होती.

"हितवरच लिवलंय," ते म्हणाले. "पलीकडं मी कवा गेलोच न्हाई."

मग त्यांनी वही खाली ठेवली, खोक्याच्या त्या बाजूने उठून आमच्या बाजूला आले आणि बाबालालला जरा सरकायला लावून मांडी घालून बसले.

"तुमी सांगा की," ते म्हणाले. "काय काय दिसतंय?"

बाबालालने घसा खाकरला. "गाव दिसतंय. लोकं बाहीर आलीत. समद्यांच्या अंगात नवी कापडं हाईत."

"कापडं मरू देत," वैनी म्हणाल्या. "आदी चुली पेटल्यात का बगा."

"पेटल्यात," सुभेदार म्हणाले.