डबा उघडायचा नाही

अमरावती शहरात डोळे पुष्कळांना आहेत. दृष्टी एकट्या मला आहे. मी गजेंद्र भुयार, आडनावातच गुप्त मार्ग असलेला वऱ्हाडातला पहिला खासगी गुप्तहेर. माणसाच्या चपलेवरून मी त्याचं गाव सांगतो.

[शकुनची नोंद: मी यांची बायको आणि सहायक. हे बोलतात, मी टाइप करते. भातकुलीच्या एका गृहस्थांची चप्पल बघून यांनी 'मोझरी' म्हटलं होतं. चप्पल त्यांच्या मेव्हण्याची निघाली. मेव्हणा मोझरीचा. हे ती केस जिंकलेल्यांत धरतात.]

मंगळवारी प्रणाली खोडके आली. वय तेवीस, डोळे सुजलेले.

"सर, मले खोटी म्हणून राहिले."

"कोण?"

"अकोल्याचा कुंदन."

"मग तुम्ही खोटं बोललात?"

"नाई जी."

"तर केस अवघड आहे," मी म्हणालो.

प्रकरण असं. जपानमध्ये म्हणे दुकानांत काचेच्या पेट्या असतात. नाणं टाकायचं, वरून लोखंडी पंजा येतो आणि नशीब असेल तर कार्टूनमधल्या पात्राची बाहुली उचलून देतो. बक्षिसाची बाहुली, म्हणून स्वस्त. फिरत फिरत या बाहुल्या आपल्याकडेही येतात. प्रणालीकडे अशा बेचाळीस आहेत. एक्केचाळीस फळीवर उभ्या, त्यांचे रिकामे डबे पलंगाखाली जपून ठेवलेले. बेचाळिसावा काळा सामुराई मात्र सीलबंद, कारण तो बदलीसाठी राखलेला. तिला दोन वर्षांपासून युमेका नावाची एक बाहुली हवी होती आणि ती निघायची बंद झालेली. कुंदनकडे एक होती. अदलाबदल ठरली. दोन्ही डबे सीलबंद हवेत. या लोकांत सील म्हणजे शब्द.

रविवारी ती अकोल्याला डबा घेऊन गेली. कुंदनने तो हलवला. खळखळ.

"बाहुली खळखळत नाई," तो म्हणाला. "खडे भरले तुनं."

डबा उघडला तर सील जाणार. उघडला नाही तर खरंखोटं कळणार नाही. म्हणून डबा त्याच्याच कपाटावर राहिला आणि प्रणालीला आठ दिवस मिळाले. नंतर कुंदन वऱ्हाडातल्या साठ संग्राहकांच्या ग्रुपवर तिचं नाव टाकणार होता. मग युमेका तर गेलीच, पण पुढे कुणी तिच्याशी साधं स्टिकरही बदललं नसतं.

निष्कर्ष पहिला: आत हिरे. आंतरराष्ट्रीय टोळी.

[शकुनची नोंद: मी विचारलं, टोळीला अमरावतीत कोण ओळखतं? हे म्हणाले, "मी."]

निष्कर्ष दुसरा: सामुराईने अपमान सहन न होऊन स्वतःचे तुकडे केले. ते लोक करतात असं.

[शकुनची नोंद: तो प्लास्टिकचा आहे.]

निष्कर्ष तिसरा: उंदीर.

[शकुनची नोंद: उंदीर खळखळत नाही. हे म्हणाले, "दाणे खाल्लेला."]

पुढच्या रविवारी आम्ही अकोल्याला निघालो. प्रणालीची आई सत्यभामाबाई बाळापूरला भावाकडे जायची होती, तीही सोबत आली. घरची भाजीची शेती, त्यामुळे तिच्या पिशवीने बसमध्ये एक अख्खं सीट घेतलं. मुलीचं काय बिनसलंय हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिने विचारलंही नाही. ती बडनेऱ्यापासून झोपली.

कुंदनच्या घरी मी भिंग काढलं आणि डब्यावरचं सील पन्नास मिनिटं तपासलं.

"सील अस्सल आहे," मी जाहीर केलं. "याचा अर्थ गुन्हेगार पुठ्ठ्यातून आरपार गेला."

"मी लिहून टाकू का ग्रुपवर?" कुंदनने विचारलं.

प्रणालीचा चेहरा उतरला. तेवढ्यात सत्यभामाबाई पाणी पिऊन आत आली. तिने डबा पाहिला, उचलला आणि कानाशी नेऊन हलवला. खळखळ. तिच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

स्वयंपाकघराच्या दारात कुंदनची आई ललिताबाई उभी होती. आमच्याकडे भुलाबाईची गाणी झाली, की पोरी खाऊचा झाकलेला डबा असाच हलवतात आणि आत काय ते ओळखायला लावतात. ललिताबाईने हात पदराला पुसले.

"तिखट का गोड वो?"

"कडू," सत्यभामाबाई म्हणाली.

मी वहीत टिपलं: विष.

"झाडाचं का वेलाचं?"

"वेलाचं."

मी टिपलं: दुर्मीळ विष.

"कारलं!"

"कारल्याचं बी. पांढऱ्या कारल्याचं. पावशेर."

नुसत्या कानाने वजन! मी भिंग खाली ठेवलं. "बाई, ही विद्या कुठे शिकलात?"

"विद्या कायची भाऊ? मीच ठेवलं."

"आई!" प्रणाली किंचाळली. "काहून?"

"तुहे एवढे खाली डबे पलंगाखाली. मले वाटलं, बियासाठीच जमवून राहिली पोरगी. ओल पिणारी ताजी पुडी याच्यातच भेटली, म्हून हा घेतला. तुही बाहुली लुगड्यात गुंडाळून पेटीत हाये. आठ दिस झाले, हा डबा घरभर शोधून राहिली मी!"

"पण सील शाबूत आहे!" मी ओरडलो.

"चांगलं चिकटवेल होतं, ते काहून फाडू? खालून उघडलं."

मी डबा उलटा केला. तळाला बोटभर रुंद तपकिरी चिकटपट्टी होती.

[शकुनची नोंद: चार बोटं.]

कुंदन फोन काढून उठला. "सील गेलं. सौदा खतम. मी लिहितो."

पण ललिताबाईने पट्टी सोलून थोडं बी तळहातावर ओतलं होतं. ती ते बोटाने फिरवत होती.

"हे बी माया सासूसंगं गेलं व माय. वीस साल झाले पाहून."

"घ्या सारं," सत्यभामाबाई म्हणाली.

"कुंदन, दे त्या पोरीले तिची बाहुली."

"अन् मले?"

"तुले लुगड्यातली भेटन."

"बिनडब्याची?"

"तुले बाहुली पायजे का पुठ्ठा?"

कुंदनने डब्याचा पुठ्ठा हळूच चाचपला.

"अन् फोन काढलाच हाये त लिही," ललिताबाई म्हणाली. "पोरगी खरी हाये. लिही."

त्याने लिहिलं. प्रणालीने स्वतःच्या फोनवर ते दोनदा वाचलं. मग कपाटावरून युमेकाचा डबा उतरला. या खेपेस मी तळही तपासला.

प्रणालीने सीलखाली नख घातलं.

"नको!" कुंदनचा आवाज चिरकला. "अवं, सीलबंद हाये ते!"

"दोन वर्षं झाली," ती म्हणाली. "तोंड त पाहू दे तिचं."

फर्र.

कुंदनने डोळे मिटले. मग एक उघडला.