भंवरलालजींची मापं

भंवरलालजी माणसाच्या तोंडाकडे आधी बघत नसत, गुडघ्यांकडे बघत. पहिल्या भेटीत मी नमस्कार केला, तर माझ्या पायांवरून नजर फिरवून ते म्हणाले, "साडेसतरा इंच." ती माझ्या मापाच्या खुर्चीची उंची होती, हे मागाहून कळलं.

गृहस्थ मूळचे राजस्थानातल्या नागौरकडचे सुतार. ऐंशीनंतर कधीतरी धुळ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांनी 'मॉडर्न फर्निचर' अशी पाटी लावली. सनमायकाची टेबलं, सोफा-कम-बेड, असलं काही गल्लीनं पाहिलं नव्हतं. पाहूही देत नसत ते. सगळ्या मालावर चादरी. गिऱ्हाइकाला नाव, गाव, घरात कोणी सुतारकाम करतं का, एवढं विचारायचं आणि मग चादरीचा एक कोपरा उचलायचा. "डिझाइन चोरीला जाते, साहेब," हे पालुपद.

गल्लीचाही त्यांच्यावर तेवढाच संशय. एकटा राहतो, घरोघरी दारं मोजतो, दुपारी घरी कोण असतं ते विचारतो. काय ते समजा, असं शेजारचे नाना म्हणत.

मी सोफा सांगितला, तेव्हा ते आमच्याकडे माप घ्यायला आले. भिंत दोन मिनिटांत मोजून झाली. मग मात्र माझ्या आईकडे, अक्काकडे, बघतच बसले. अक्का गुडघ्यांनी जेरीस आलेली. जमिनीवरून उठायचं तर भिंत धरून. पुढे मी ऑफिसात असताना ते आणखी दोनदा येऊन गेले. अक्का वैतागली.

"हाऊ माणूस माले उठाले लावस, बसाले लावस. काय पाही राह्यना काय माहीत."

मी तडक दुकानात गेलो आणि म्हाताऱ्या बाईशी तुमचं काय काम, असं जरा चढ्या आवाजातच विचारलं. त्यांनी रस्त्याकडे बघून दार लोटलं, कोपऱ्यातली चादर ओढून पूर्ण काढली. खाली खुर्ची होती. उंच बैठकीची, रुंद हातांची. जोर देऊन उठता यावं अशी.

त्यांची आई गावी एकटी होती. तिचेही गुडघे तसेच. आजवर चार खुर्च्या त्यांनी रेल्वेनं पाठवल्या होत्या. आईनं चारही खुर्च्यांवर गोधड्या रचल्या आणि स्वतः जमिनीवरच बसत राहिली.

"मापात कुठंतरी माझी चूक होते," ते म्हणाले. "तुमच्या अक्का बसल्या तर समजेल."

खुर्ची घरी आली. अक्का बसली, कुणाला हाक न मारता उठली, पुन्हा बसली. भंवरलालजी समोर फरशीवर उकिडवे बसून बघत होते. अक्कानं त्यांच्याकडून गावाकडची सगळी हकिगत काढून घेतली. मग म्हणाली, "माप बराबर शे. आते खुर्ची धाडू नको, भाऊ. तू जाय."

पंधरा दिवस दुकान बंद राहिलं. पळाला, असं नानांनी जाहीर करून टाकलं. सोळाव्या दिवशी भंवरलालजी परतले ते दुकान न उघडता आधी आमच्या दारात.

"बसनी का माय?" अक्कानं विचारलं.

चपला काढता काढता ते थांबले.

"बसली," म्हणाले. "मी होतो तोवर."