अकरा धावांचं श्रेय कुणाचं?

थॅडियस पिकेट यांनी स्वतःचं कार्ड छापून घेतलं होतं. 'ओहायो राज्यातली सर्वांत तीक्ष्ण नजर. कोणतंही रहस्य सोडवून मिळेल. रविवारी चर्च सुटल्यावर भेटा.' त्याआधी तीस वर्षं त्यांनी लोणच्याच्या कारखान्यात बरण्यांची झाकणं तपासली होती. एकही सैल झाकण आपल्या नजरेतून सुटलं नाही, असं ते सांगत. ज्यांच्या सदऱ्यावर लोणचं सांडलं होतं, ते वेगळं सांगत.

लेस्टर स्टोल्झ हा त्यांचा मदतनीस आणि गावच्या बेसबॉल संघाचा गुणलेखक. या वेळचं प्रकरण त्याच्याच घरचं होतं. त्याचा थोरला भाऊ वेंडेल संघाचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. धाकटा क्लेम शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला राखणदार. घरच्या मैदानावर आठ सामन्यांत संघाने फक्त अकरा धावा दिल्या होत्या. धावा रोखणाऱ्या एकाच खेळाडूला क्लब दरवर्षी चषक देई, आणि तो वर्षभर त्याच्या दिवाणखान्यात राही. त्या चषकापायी दोघे भाऊ तीन आठवडे बोलत नव्हते. आईने रविवारचं जेवण बंद केलं होतं. चषक दुसऱ्याला गेला, तर रविवारच्या अंतिम सामन्यात खेळणार नाही, असं दोघांनीही सांगून टाकलं होतं.

"फेकतो मी," वेंडेल म्हणाला.

"आणि अडवतो तुझा काका!" क्लेम म्हणाला.

"तुझा आणि माझा काका एकच आहे, गाढवा."

पिकेटांनी टेप काढून वेंडेलचे हात मोजले. उजवा अर्धा इंच लांब भरला. "श्रेय पिचरचं!" मग त्यांनी क्लेमचा हातमोजा हुंगला. मोहरीच्या चटणीचा वास आला. "चेंडू चिकटतो! श्रेय शॉर्टस्टॉपचं!"

"ते सॉसेज खाताना सांडलं होतं," क्लेम म्हणाला.

"गुन्हेगार असंच म्हणतो."

"पण साहेब, इथे गुन्हाच नाहीये," लेस्टर म्हणाला. "आणि वहीत बघा, बाहेरगावच्या आठ सामन्यांत आपण साठ धावा दिल्यात."

"लेस्टर, मला आकडे नकोत. पुरावा हवा."

शनिवारी सकाळी त्यांनी निकाल दिला: पिचर त्रेपन्न टक्के, शॉर्टस्टॉप सत्तेचाळीस. आता दोघेही भाऊ पिकेटांवर चिडले. त्या धक्काबुक्कीत पिकेटांचं भिंग मैदानातल्या गवतात पडलं आणि दिसेना. गवत घोट्याच्या वर होतं. पिकेटांनी शेजारच्या गावाहून गवत कापायचं यंत्र आणलं आणि संध्याकाळपर्यंत मैदान पाटासारखं गुळगुळीत केलं. भिंग त्यांच्याच कोटाच्या खिशात सापडलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं लेस्टर मनात म्हणाला.

रविवारी सामन्याच्या आधी मैदान राखणाऱ्या ग्रूबरबाई आल्या आणि जागीच थांबल्या.

"माझं गवत कुणी कापलं?"

"मी," पिकेट अभिमानाने म्हणाले.

"अहो, माझ्या यंत्राचं पातं मे महिन्यात मोडलं. तेव्हापासून गवत वाढतंय. वेंडेल खाली फेकतो, फलंदाजाने मारलेला चेंडू सरपटत येतो, गवतात मंदावतो, आणि क्लेम आरामात उचलतो. कसलं पिचिंग आणि कसली राखण! सगळं गवत करत होतं."

चषक आता दोघांपैकी कुणाचाच नव्हता, म्हणून दोघेही भाऊ मैदानात उतरले. सामना सुरू झाला. चेंडू गुळगुळीत मैदानावरून सुसाट जात होते आणि क्लेम त्यांच्यामागे धावत होता. संघ सतरा विरुद्ध दोन असा हरला.

वेंडेल टोपी काढून बसला. क्लेम त्याच्या शेजारी येऊन टेकला.

"चूक तुझी नव्हती," क्लेम म्हणाला.

"तुझीही नव्हती. त्या चेंडूंना कोण पोचणार?"

मग दोघांनी एकदमच पिकेटांकडे पाहिलं. ते वहीत लिहीत होते: 'भावांचा समेट. श्रेय संपूर्ण माझं.'

"आई आज जेवण करेल का रे?" वेंडेलने विचारलं.

"दोघे बरोबर गेलो तर करेल," क्लेम म्हणाला.

लेस्टरचे डोळे भरून आले. चषक ग्रूबरबाईंना द्यायचं ठरलं. त्याने गुणवही उघडली. तिच्यात खेळाडूंच्या चुकांचा एक रकाना असतो. खेळाडू नसलेल्या माणसाचं नाव त्यात लिहू नये, असा नियम आहे. लेस्टरने ठळक अक्षरात लिहिलं: 'थॅडियस पिकेट, एक.'

या एकात वाटा मागायला कुणीही पुढे आलं नाही.