टोरीचं तेल आणि पिवळा दिवा

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. दिव्याला मी घाबरत नाही! ऊर्जानगरच्या वीजकेंद्रात, कंट्रोल रूममध्ये माझी अठरा वर्षं गेली. तिथे लाल-पिवळे दिवे दिवसभर उघडझाप करत असतात, आणि आम्हा लोकांचा पहिला नियम असा, की दिवा लागला तर आधी दिव्यावरच संशय घ्यायचा. दहापैकी आठ वेळा बॉयलर ठणठणीत असतो, सेन्सरच खोटं बोलत असतो.

अशा माणसाने स्वतःच्या गाडीला नवा एअर फिल्टर बसवणं म्हणजे किरकोळ काम. गाडीबरोबर आलेला काळा डबा काढला आणि त्या जागी चंद्रपूरहून आणलेला उघडा, लालभडक, शंकूसारखा फिल्टर लावला. दुकानदार म्हणाला होता, "गाडी वाघासारखी पळंल!" सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, फिल्टरला तेल लावा, म्हणजे धूळ त्यात अडकते. कोणतं तेल, ते बारीक अक्षरात होतं आणि माझा चष्मा वरच्या खोलीत होता. आता आमच्याकडे नुसती धूळ नाही, वीजकेंद्राची राख! सकाळी वाळत घातलेली बनियन संध्याकाळी करडी होते. तेव्हा तेल सढळ हाताने लावायला हवं. स्वयंपाकघरात सासूबाईंनी पोंभुर्ण्याहून पाठवलेली टोरीच्या तेलाची बाटली होती. टोरी म्हणजे मोहाची बी. चांगलं दाट तेल! फिल्टरला अभ्यंगस्नानच घातलं म्हणा ना. दुपारच्या उन्हात गाडी खरंच सुसाट पळाली.

दुसऱ्या दिवशी माझ्या मेव्हणीची, दिव्यानीची, मोहर्लीला मुलाखत होती. वाघांच्या जंगलात सफारी गाईडच्या जागेसाठी. जागा सहा, अर्ज ऐंशी. मागच्या वर्षी पोंभुर्ण्याची बस चुकली आणि पोरीचं वर्ष गेलं. म्हणून या खेपेला ती आदल्या दिवशीच आमच्याकडे मुक्कामाला आली होती. नऊ वाजता नाव पुकारणार होते. जो हजर नाही, तो बाद.

"बसनं जाऊ द्या तिले," बायको म्हणाली.

"घरची गाडी असताना बस? दीपिका, तू फक्त पेढे आणून ठेव!"

डिसेंबरची सकाळ. थंडी अशी, की स्टिअरिंग हातमोज्याने धरावं. पद्मापूर मागे पडलं आणि स्टिअरिंगमागे इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला.

"भाऊजी, हे काय व्हय?"

"चेक इंजिन. काई नाई, सेन्सर खोटं बोलून राह्यला." गाडीचे दोष वाचायचं छोटं यंत्र मी घेऊनच ठेवलं होतं. ते लावलं. मोबाइलवर अक्षरं आली : हवा कमी. "पाहा! अख्ख्या जंगलाची हवा समोर हाय, अन् हा म्हणते हवा कमी!" मी बटण दाबून दोष पुसून टाकला. दिवा विझला. मी दिव्यानीकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

दोन किलोमीटरवर दिवा परत लागला. मी परत पुसला. तिसऱ्यांदा लागला तेव्हा गाडी दम्याच्या म्हाताऱ्यासारखी खोकली आणि भर जंगलात, रस्त्याच्या मधोमध बंद पडली. आठ वाजून पाच मिनिटं!

मी उतरून बॉनेट उघडलं. दिव्यानी खिडकीतून नाक बाहेर काढून म्हणाली, "भाऊजी, टोरीचा वास काऊन येऊन राह्यला?"

"कुठी? जंगलात मोहाची झाडं असतेच ना."

"डिसेंबरात? मोह तर उन्हाळ्यात फुलते!" ती खाली उतरली. फिल्टरला बोट लावलं. बोटावर पांढरट लोणी! "हे तर गोठून गेलं! थंडीत टोरीचं तेल तुपावानी होते, आमच्या गावात लेकरालेबी मालूम हाय. गाडी बिचारी श्वास कुठून घेईल?"

म्हणजे या खेपेला सेन्सर खरं बोलला होता! आणि माझ्यामुळे या पोरीचं आणखी एक वर्ष वाया जाणार होतं. "थांब, काडीनं खरवडून काढतो," म्हणून मी रस्त्याकडेच्या झुडपाकडे निघालो.

तेवढ्यात वर माकडं खेकसली.

दिव्यानीने धाडकन बॉनेट बंद केलं, माझी कॉलर धरली आणि मला गाडीत कोंबलं. "काच वर! बोलू नका!"

"अगं पण टाइम होऊन राह्यला..."

"भाऊजी, चूप!"

झुडपातून वाघ निघाला. त्याच झुडपातून! रस्त्यावर आला, आमच्यासमोर ऐसपैस बसला आणि पंजा चाटू लागला. मी दोनदा दाराच्या हँडलला हात लावला. कशासाठी, ते मलाही ठाऊक नाही. दोन्ही वेळा तिने चापट मारली. तिचा आवाज एकदाही वाढला नाही. "श्वास हळू घ्या. तो जाईल. त्याले त्याचं काम हाय." वीस मिनिटांनी तो उठला आणि आमच्याकडे न बघता पलीकडे गेला.

"आता चालू करा," ती म्हणाली.

"होणार नाई."

"बॉनेट बंद होतं. इंजिनाच्या गर्मीनं तेल पातळ झालं असंल."

चावी फिरवली. गाडी खोकली, शिंकली आणि सुरू झाली! पिवळा दिवा तसाच जळत होता. या वेळी मी त्याला हात लावला नाही. गाडीभर वडे तळल्याचा वास घेऊन आम्ही मोहर्लीला पोचलो, तेव्हा नऊला तीन मिनिटं कमी होती.

मुलाखतीची खोली तळमजल्यावर होती. मी खिडकीखाली उभा राहिलो. साहेबांचा पहिलाच प्रश्न आला, "समजा गाडी बंद पडली, समोर वाघ आहे आणि पर्यटक ऐकत नाही. काय कराल?"

"सर, समजा कायले? आताच करून आली!" आणि तिने सगळं सांगितलं. तेल, कॉलर, चापटा, काहीही सोडलं नाही! आत हशा पिकला. खिडकीखाली मीही तोंडावर रुमाल धरून हसलो.

संध्याकाळी सगळ्या मुलाखती आटोपल्यावर साहेब स्वतः बाहेर आले. "दिव्यानीचं नाव यादीत पहिलं आहे. सोमवारपासून प्रशिक्षण." मी आनंदाने हात पुढे केला. तो त्यांनी धरून ठेवला. "तुम्हीही या. न ऐकणारा पर्यटक कसा असतो, ते पोरांना नीट दाखवता येत नाही आम्हाला."

सोमवारची रजा टाकली आहे. जायचं बसने, असं घरात ठरलं आहे.