फणसखोलचा साकव आणि जागतिक एकमत

राष्ट्रे एकमेकांच्या जवळ येऊ लागली की त्यांच्या वाटेवरची माणसे लांब न्यावी लागतात. हा नियम अर्थशास्त्राचा की बंदोबस्ताचा, याबद्दल जाणकारांत मतभेद आहेत. पेडणे तालुक्यातल्या फणसखोल गावाला मात्र, आपल्या देशाने जागतिक आर्थिक सहकार्य परिषद भरवली त्या वर्षी, तो प्रत्यक्ष अनुभवायला मिळाला आणि गावाने तो आनंदाने स्वीकारला (दुसरा पर्याय विचारण्यात आला नव्हता).

परिषद समुद्राकाठच्या एका हॉटेलात भरली होती. चाळीस देशांचे प्रतिनिधी, 'जोडू या जगाला' हे बोधवाक्य आणि पिशवीत प्रत्येकी एक काजूचे पाकीट अशी जय्यत तयारी होती. पण जाहीरनाम्याच्या चौदाव्या परिच्छेदापाशी घोडे अडले. गरीब देशांच्या अडचणींची 'दखल घ्यावी' की त्यांचे 'स्वागत करावे', यावर दोन बड्या देशांचे जमेना. बोलणी अडली की पाहुण्यांना काहीतरी दाखवायचे, ही जुनी रीत आहे. मोरजीची कासवे दाखवण्याचे घाटत होते, पण अंडी घालण्याची निश्चित वेळ त्यांनी शेवटपर्यंत कळवली नाही. मयेचे तळे कोणत्या तरी शाळेच्या सहलीने आधीच धरून ठेवले होते. तुयेच्या औद्योगिक वसाहतीत कारखाने होते, पण अर्थकारणासाठी आलेल्या माणसांना कारखाने दाखवणे कसेसेच दिसले असते. उरले 'पारंपरिक ग्रामजीवन', आणि ते फणसखोलात आहे असे नकाशावरून दिसत होते.

फणसखोलात गोकुळदास गावकर राहत होता. थोडे भात, थोडे माड आणि गावच्या देवळात गाऱ्हाणे घालण्याचा मान, एवढी त्याची इस्टेट. गाऱ्हाणे म्हणजे देवाला चारचौघांत उभे राहून मोठ्याने सांगायचे मागणे. एकाने सांगायचे आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचे. ते 'व्हय' आले नाही तर गाऱ्हाणे लागू होत नाही. गोकुळदासाच्या गाऱ्हाण्याला गावात मोठी पत होती. त्याच्या गाऱ्हाण्याने म्हशी सापडल्या होत्या, रुसलेले जावई परत आले होते आणि एकदा तर चुकून दोन्ही बाजूंच्या उमेदवारांचा विजय मागितला गेल्यामुळे फेरमतदान झाले होते.

इतकी पत असलेल्या या माणसाला घरात मात्र कोणी विचारत नव्हते, कारण साकव. गावातून वाहणाऱ्या ओहोळावरचा हा छोटा पूल तीन वर्षांपूर्वी पडला होता. ओहोळापलीकडच्या वाड्यावर गोकुळदासाची सासू एकटी राही, आणि त्याची बायको सत्यवती रोज सकाळी डोक्यावर पेजेचे भांडे घेऊन, लुगडे गुडघ्याच्या वर खोचून पाण्यातून तिच्याकडे जाई. गेल्या वर्षी ती शेवाळावरून घसरली. पेज वाहून गेली, मनगट मोडले. ते जुळून आल्यावर ते हवेत नाचवून तिने नवऱ्याला स्वच्छ सांगितले होते.

"ह्या दिवाळीपर्यंत साकव झालो नाय तर मी आवशीकडेच जावन रवतंय. तुमची पेज तुमीच शिजवा."

बायको आईकडे राहायला जाणार म्हणताच गोकुळदास घाबरला. त्याला गाऱ्हाणे घालता येत होते, पेज शिजवता येत नव्हती. शिवाय, हे त्याने कुणाजवळ बोलून दाखवले नव्हते तरी, सत्यवतीवाचून त्या घरात त्याला एक रात्रही करमले नसते. साकवासाठी तो पणजीला जाऊन आला होता. तिथे त्याला समजले की ओहोळ एका खात्याचा आहे, दोन्ही काठ दुसऱ्या खात्याचे आणि काठावरची दोन झाडे तिसऱ्याचे. पाणी हलत असल्यामुळे ते नेमके कुठल्या क्षणी कोणाच्या हद्दीत असते, याचा अभ्यास सुरू होता.

अशा वेळी परिषद फणसखोलात आली. आली म्हणजे आठ दिवस आधी तिची तयारी आली. रस्त्याकडेच्या चिऱ्यांना चुना लागला. माडांना कमरेपर्यंत रंग लागला. ज्या घरांची कौले फुटली होती त्यांच्यासमोर हिरवे कापड उभे राहिले, आणि न फुटलेल्यांसमोरही राहिले (भेदभाव नको म्हणून). सायकलवरून पाव विकणाऱ्या पोदेराला भोंपू न वाजवता पाव विकायला सांगण्यात आले. पोदेर आला कधी आणि गेला कधी हे कोणाला कळलेच नाही, त्यामुळे गावाने ते दिवस पावाशिवाय काढले.

आणि साकव झाला. पाहुण्यांच्या गाड्या अलीकडे थांबणार होत्या, मांडव पलीकडच्या मैदानात होता. प्लायवूडचा, पांढऱ्या कठड्यांचा, वर लाल गालिचा अंथरलेला साकव दोन दिवसांत उभा राहिला. तीन खात्यांचे काय, असे गोकुळदासाने भीतभीत विचारले. समन्वय अधिकारी कृष्णनाथ साळकर हे अत्यंत समजूतदार गृहस्थ होते. त्यांनी समजावले की हा साकव नव्हेच. कागदोपत्री हा मांडवाचा एक भाग असून तो लांबत लांबत ओहोळावरून आला आहे. त्यामुळे कोणाच्या परवानगीची गरज नाही आणि मांडव उठला की हाही उठेल.

सत्यवतीने कापडाआडून तो गालिचा पाहिला. तिने फक्त मनगट चोळले, आणि गोकुळदासाला ते बोलण्यापेक्षा जास्त लागले.

स्वागताचा कार्यक्रम म्हणून गोकुळदासाला गाऱ्हाणे घालायचे होते. त्याचा मजकूर कृष्णनाथसाहेबांनी तयार करून वरून मंजूर करून आणला होता. गोकुळदासाने तो वाचून पाहिला. "साहेब, ह्याच्यात मागणा खय आसा?" त्याने विचारले. साहेब म्हणाले, "मागणं नाहीच ठेवलं. मागितलं की कोणीतरी द्यावं लागतं."

चाळीस देश गालिच्यावरून ओहोळ ओलांडून आले. त्यांच्या कानांत भाषांतराची यंत्रे होती आणि यंत्रांच्या दुसऱ्या टोकाला बांद्याची तारा परब बसली होती. ती इंग्रजी सांगणार आणि तिच्या इंग्रजीवरून बाकीचे दुभाषे आपापल्या भाषांत सांगणार, अशी साखळी होती. गोकुळदासाने नारळ हातात घेतला, डोळे मिटले आणि सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा, बारा गावांच्या, बारा वाड्यांच्या धन्या! आज देशोदेशीची ही तुझी लेकरा हय जमली हत."

आणि तो थांबला. 'व्हय' आले नाही. येणार कोठून? 'व्हय' म्हणणारे सगळे गाव सुरक्षेच्या कारणास्तव कापडाच्या मागे, शेताच्या पलीकडे बसवले होते. गोकुळदासाने एक डोळा उघडला. चाळीस देश नारळाकडे बघत होते. 'व्हय' आल्याखेरीज तो पुढे जाणार नव्हता, आणि तो पुढे गेल्याखेरीज जेवण वाढले जाणार नव्हते. कृष्णनाथसाहेबांना घाम फुटला. त्यांनी ताराला खूण केली, ताराने यंत्रातून पाहुण्यांना विनंती केली, आणि पुढच्या रांगेतल्या एका उंच बाईंनी चाचरत सुरुवात केली. मग सगळेच म्हणाले. उच्चार वेगवेगळे होते, पण ते 'व्हय म्हाराजा'च होते.

"त्येंच्या हातसून काय चुकला-माकला आसात तर पदरात घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." (ताराने सांगितले होते: 'मागील धोरणांचे परखड आत्मपरीक्षण.')

"त्येंच्यात काय वाद-तंटो आसात तो मिटव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." या वेळी आवाज चांगलाच चढला. ज्या दोन बड्या देशांचे चौदाव्या परिच्छेदावरून बिनसले होते ते शेजारी शेजारी बसून, डोळे मिटून, एका सुरात ओरडत होते. मजा येत होती. बाहेर कोणाला खरे वाटणार नाही, पण तीन दिवसांत पहिल्यांदाच त्यांना कोणी 'होय' म्हणायला सांगितले होते.

मंजूर मजकूर इथे संपत होता. गोकुळदासाने नारळ खाली ठेवला नाही. त्याच्या डोळ्यांपुढे ते मनगट होते.

"आणि हो जो साकव ह्येनी घातलो हा, तो मांडवाबरोबर जावक देव नको रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"सत्यवतीची पेज तिच्या आवशीक गरम गरम पावांदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आणि जो कोण हो साकव काढीत, तेका तूच बघून घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" कठडे हलले. कापडामागून, शेताच्या पलीकडून, राहवले नाही म्हणून गावानेही 'व्हय' ओढले. कापडाआड बसलेल्या सत्यवतीने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत होती ते गोकुळदासाला इतक्या लांबून कळले नाही.

त्या रात्री जाहीरनामा एकमताने मंजूर झाला. चौदाव्या परिच्छेदात दखलही नव्हती आणि स्वागतही नव्हते, साकव होता. सर्व देशांनी त्याला उघडपणे 'व्हय' म्हटले होते आणि भाषांतराच्या नोंदीत ते तसेच्या तसे होते. दुसऱ्या दिवशी तज्ज्ञांनी अर्थ उलगडला. पेज म्हणजे बाजारातली तरलता. आई म्हणजे विकसनशील राष्ट्रे. ओहोळ म्हणजे आयातशुल्क. 'तूच बघून घे' हे कलम तर नियमभंग करणाऱ्यांवरील कारवाईचा आजवरचा सर्वांत स्पष्ट मसुदा म्हणून वाखाणले गेले. सत्यवती ही एखादी नवी विकास बँक असावी, असा अंदाज होता.

साकव राहिला. ज्याच्यावर चाळीस देशांचे एकमत आहे तो मोडणार कोण? ठेकेदार पान्हे घेऊन आला आणि 'बघून घे' हे कलम ऐकून परत गेला. मात्र ज्याच्यावर चाळीस देशांचे एकमत आहे त्याच्यावर पाय ठेवणे हेही गंभीरच होते. अंमलबजावणी समिती येऊन पाहणी करीपर्यंत साकव आहे त्या स्थितीत राखण्याचे ठरले आणि तिथे बाबली नावाचा शिपाई उभा केला. सत्यवती पेजेचे भांडे घेऊन आली.

"वयनी, वर जावक परवानगी नाय," बाबली म्हणाला.

"मगे ते गोरे गेले ते?"

"त्येंच्या गळ्यात बिल्ले होते."

ती पाण्याकडे वळली. मागून आलेल्या गोकुळदासाने तिला थांबवले. त्याने शेजारच्या माडाखालचा एक पडलेला नारळ उचलला, डोळे मिटले आणि म्हणाला, "बा देवा म्हाराजा, हो बाबली गरीब माणूस, तेका सुबुद्धी दी, आणि सत्यवतीक साकवावयल्यान जावांदे रे म्हाराजा."

बाबली शेजारच्याच गावचा. लहानपणापासूनची सवय. "व्हय म्हाराजा," तो म्हणाला, आणि मग आपण काय म्हणालो हे त्याच्या ध्यानात आले. पण देवासमोर म्हटलेले परत कसे घेणार? तो बाजूला झाला. सत्यवती लाल गालिच्यावरून ताठ मानेने गेली, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा तिची आई गरम पेज प्यायली. तेव्हापासून रोज सकाळी साकवावर एक छोटे गाऱ्हाणे होई आणि वाहतूक सुरळीत चाले.

मग दिवाळी जवळ आली. पुढच्या परिषदेपूर्वीचा आढावा एका दूरच्या देशात झाला आणि त्यात परिच्छेद चौदा 'पूर्णतः अंमलात' असल्याचे एकमताने नोंदले गेले. जे पूर्णतः अंमलात आले त्यावर पुढे खर्च करता येत नाही, असा नियम आहे. ठेकेदार पुन्हा आला. या खेपेला त्याने कानांत कापूस घालून, गाऱ्हाणे ऐकू येणार नाही याची काळजी घेऊन साकव सोडवला. गालिचा त्याने गुंडाळून नेला. बाबलीची बदली झाली.

सत्यवती शब्दाची पक्की. दिवाळीच्या आदल्या दिवशी ती दोन लुगडी आणि पेजेचे भांडे घेऊन पाण्यातून पलीकडे गेली. हल्ली संध्याकाळी गोकुळदास या काठावर करपलेली पेज पुढ्यात घेऊन बसतो आणि ती त्या काठावर भांडी घासते. तो रोज गाऱ्हाणे घालतो. ते खणखणीत असते, पण 'व्हय' म्हणायला कोणी नसल्यामुळे लागू होत नाही.

वाचकांनी गोकुळदासाची फार चिंता करू नये. चाळीस देश न समजता 'व्हय' म्हणाले, बाबली सवयीने म्हणाला, या दोघांना आपण हसलो ते रास्तच होते. फक्त मघाशी, साकव सोडवून नेला हे वाचताना, तुम्ही किंचित मान हलवून 'आपल्याकडे असंच चालायचं' असे मनात म्हणालात ना, ते ठेकेदाराला ऐकू गेले. कानांत कापूस असूनही. त्याचेही गाऱ्हाणे होते आणि ते तेवढ्या एका 'व्हय'साठीच अडले होते.