खंडेनवमीचा नारळ आणि साईराजचा कीबोर्ड

"माऊस म्हंजे म्हाताऱ्या माणसाची काठी!" आटपाडीचा साईराज छाती फुगवून सांगायचा. "आपुन एका बोटाचा माणूस. एक कळ, एक काम!"

आणि खरंच, गाणी बनवायच्या सॉफ्टवेअरमधले सगळे शॉर्टकट त्यानं बदलून टाकले होते. कंट्रोल नाही, शिफ्ट नाही. 'खरंच करू का?' असं विचारणारी भित्री चौकटसुद्धा बंद! एंटर म्हणजे गाणं सुरू. आणि तो लांबलचक स्पेसबार म्हणजे गायकाची पट्टी चढवणे. दाबून धरलं की पार टोकाला जाईपर्यंत चढतच राहते. एवढी मोठी कळ त्या कामाला दिली, कारण यंदा गायक होते खुद्द बाळासो, आणि त्यांचा आवाज पार तळातला!

बाळासो म्हणजे कवठे महांकाळचे रिटायर सुभेदार, अंकिताचे वडील. जमलं तर साईराजचे सासरे! दसऱ्याला त्यांच्या ट्रॅक्टर-पार्टच्या दुकानाचं उद्घाटन. त्याचं गाणं त्यांनी स्वतः गायलेलं, परेडला हुकूम सोडावा तशा आवाजात. अट सरळ होती.

"गाणं झ्याक झालं तर सुपारी फोडू. न्हाईतर पोरगी देत न्हाई. बोटं आपटून कुणाचा संसार झालाय व्हय?"

गाणं तयार झालं. नवमीच्या सकाळी साईराज ते उघडंच ठेवून अंघोळीला गेला. परत आला आणि अंगावरचं पाणी जागच्या जागी वाळलं!

कीबोर्डवर हळदकुंकू, झेंडूची माळ आणि बरोब्बर स्पेसबारवर शेंडीसकट नारळ! शेजारी माऊस, त्यालाही कुंकू. आणि पडद्यावर बाळासोंची पट्टी सुसाट वर निघालेली!

"आई! अगं, ह्ये काय केलंस?"

"खंडेनवमी हाय की रं," मनुबाई उदबत्ती ओवाळत म्हणाली. "तुझ्या थोरल्या भावानं, दादासोनं कोयता-खोरं पुजलं. तुझं हत्यार ह्येच न्हवं?"

"नारळ काढ आधी! आवाज चढायलाय!"

"तुझाच चढलाय मघाधरनं! हात लावशील तर बघ. पुजलेलं हत्यार उद्या सकाळपातुर हालवायचं न्हाई!"

तेवढ्यात दारात बुलेट थांबली. बाळासो!

"ऐकव गाणं," ते आत येत म्हणाले.

"मामा, आवं, उद्या सकाळी..."

पण बाळासोंची नजर पूजेवर गेली आणि चेहराच पालटला. त्यांनी टोपी सारखी केली.

"हत्याराची पूजा! म्हंजे धंदा खरा हाय म्हणायचा." असं म्हणत त्यांनी चिमूटभर कुंकू घेतलं आणि एका मोकळ्या मोठ्या कळीवर अंगठा दाबला. ती कळ होती एंटर!

गाणं सुरू झालं. परेडचा आवाज गायब! स्पीकरमधून कुणी कोवळी पोरगी लाडालाडात बोलावत होती, "या हो शेतकरी दादा, पार्ट घेऊन जा!"

साईराजनं डोळे मिटले. झालं! मोडलं लगीन!

बाळासो शेवटपर्यंत फोन समोर धरून, रेकॉर्ड करत उभे. मग हळूच म्हणाले, "माझा आवाज काढून हिला घेतलंस?"

"मामा, त्यो आवाज..."

"लय बेस केलंस गड्या! माझ्यापरीस धा पट गोड! सुपारी पक्की. आणि ह्या पोरीला उद्या संगं घिऊन ये. तिच्याच हातानं फीत कापू, साडीचोळी करू."

आता साईराज सांगणार काय? की मामा, ती साडी तुमालाच नेसावी लागंल?

साईराजचा फोन वाजला. अंकिता! बाळासोंनी गाणं तिला धाडलंसुद्धा होतं.

"ऐकलं गाणं," ती म्हणाली. "कोण हाय ती?"

साईराजनं समोर बघितलं. ती मिशीला पीळ देत, तेच गाणं पुन्हा लावून मान डोलवत होती!