मुळी काय म्हनती?

आमच्या सुमनआक्का कुणाच्याही रानात शिरल्या की आधी एक रोप उपटतात. मालकाला विचारायची पद्धत त्यांच्याकडे नाही. माती झटकायची, चष्मा कपाळावर सरकवायचा, मुळं डोळ्यांपाशी धरायची आणि विचारायचं, "मुळी काय म्हनती?" उत्तर आपण द्यायचं नसतं. ते मुळीनं द्यायचं असतं.

घोडेगावच्या अलीकडे आमचं गाव. मी शाळेत मास्तर आणि शाळा सुटल्यावर दोन एकरांचा शेतकरी. आक्कांचं रान माझ्या बांधाला लागून. वय सत्तरीला आलेलं, घरात एकट्या. एका लग्नात मांडवाच्या दारातला केळीचा खुंट उचलून त्यांनी खालून पाहिला आणि मोठ्यानं म्हणाल्या, "मुळीच न्हाई!" क्षणभर वरपक्षाला वाटलं, मुलीकडच्यांनी लग्नच मोडलं.

गेल्या मे महिन्यात त्या दवाखान्यातल्या नर्सबाईंकडे थर्मामीटर मागायला गेल्या.

"कुणाला ताप आलाय?"

"जमिनीला."

भर दुपारी त्यांनी तो मातीत खोचला. पारा टोकाला गेला आणि काच तडकली. नर्सबाई चिडल्या, पण आक्कांचं लक्षच नव्हतं. "वरच्या वितभर मातीत येवडी धग," त्या पुटपुटत होत्या. "बारीक मुळ्यांनी खायाचं कसं?"

आम्ही हसलो. माझं हसू पावसाळ्यात ओसरलं. सोयाबीन उगवून आलं आणि पावसानं तीन आठवडे तोंड फिरवलं. ऊन तर उन्हाळ्यातलंच. मग दोन दिवसांत इतका कोसळला की रानाचं तळं झालं. पीक पिवळं पडलं. मी खत टाकलं. आणखी पिवळं पडलं, पुन्हा टाकलं. तिसऱ्यांदा घमेलं घेऊन निघालो, तर बांधावर आक्का.

"मास्तर, घमेलं खाली ठिवा."

त्यांनी माझं एक रोप उपटलं. मुळं तपकिरी, लिबलिबीत. नखानं साल सुटत होती.

"उन्हानं बारीक मुळ्या आदीच जळाल्या. ऱ्हायलेल्या पान्यात गुदमरल्या. खत हाय की, लई हाय. पन घ्यायला मुळी कुटं हाय? तुमी आपले वाढताय नुसतं!"

"मग करू काय?"

"वाढायचं थांबा. आदी तिला दम घिऊ द्या."

मी चर काढून पाणी ओढ्याकडे वळवलं. पाणी निथळून रानाला वाफसा आल्यावर कोळपणी करून माती मोकळी केली. पंधरा-वीस दिवसांनी शेंड्याची पानं हिरवी दिसू लागली. न राहवून मीच एक रोप उपटलं. जुन्या काळपट मुळांतून पांढऱ्या दोऱ्यांसारख्या नव्या मुळ्या फुटल्या होत्या.

त्या आनंदात बायकोनं आक्कांना दुपारी जेवायला बोलावलं. पिठलं, भाकरी, ठेचा. मी विचारलं, "आक्का, हे मुळीचं वेड तुम्हाला कधीपासून?"

"मालक गेल्यापासनं." त्यांनी घास ताटातच ठेवला. "शेवटच्या वर्साला लई वाळले. मी तूप वाढायची, दूध द्यायची. अंगी लागंना. मग मी भांडायची. म्हनायची, माझ्या हातचं तुमाला ग्वाड लागत न्हाई. लई उशिरा डाक्टर म्हनला, आतडंच काय घिईना झालंय. त्यांनी तरी काय करावं?"

बायको आणखी एक भाकरी वाढायला घेऊन उभी होती.

"वाढलेलं कदी परत केलं न्हाई त्यांनी," आक्का म्हणाल्या. "घरामागं जाऊन ओकायचे, आन् परत यिऊन ताटावर बसायचे. मला बरं वाटावं म्हनून."

बायकोनं हातातली भाकरी हळूच टोपलीत ठेवली आणि त्यांना खेटून खाली बसली.